आंब्यावर पाच पक्षी होते की एकच? गाणारे पक्षी बघणं आणि त्यांचा संग्रह, याबद्दल सविस्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला, कारण त्यात खरं तर तीन-चार प्रश्न एकत्र आलेत. म्हणजे तुम्ही देवगडजवळ गावी परत आलायत, घराभोवती हापूसची बाग आहे, पहाटे पक्षी नुसते कल्ला करतात पण दिसत एकही नाही, मोबाईलवरचं मर्लिन ॲप एकाच आंब्यावर पाच मिनिटांत शिक्रा, बुलबुल, कोतवाल, हळद्या आणि शिंपी अशी पाच नावं दाखवतं, आणि तुमच्या नऊ वर्षांच्या मुलीने बुटांच्या खोक्यात पिसं आणि दोन जुनी घरटी जमवलीयत. आता हे सगळं नीट शिकायचंय, संग्रह पद्धतशीर करायचाय, आणि दुर्बीण कुठली घेऊ ते सांगा, असं तुम्ही विचारलंय.

दुर्बीण शेवटी घेते. आधी तो आंबा.

मी रत्नागिरीची, गेली बावीस वर्षं दक्षिण कोकणात पक्ष्यांच्या नोंदी करतेय, सुरुवातीला हौस म्हणून आणि नंतर सर्व्हेच्या कामासाठी. त्यामुळे खाली जे लिहितेय ते किनारपट्टी ते घाटाचा पायथा एवढ्या पट्ट्यापुरतंच धरा, देशावरचं वेळापत्रक वेगळं असतं.

तर माझा अंदाज असा की तुमच्या आंब्यावर पाच पक्षी नव्हते, एकच हरेवा होता. हरेवा म्हणजे पानाच्या रंगाचा, बुलबुलापेक्षा थोडा लहान पक्षी, याला पर्णपक्षी पण म्हणतात. हापूसच्या दाट पानांत तो तुमच्या डोक्यावर चार फुटांवर बसला तरी दिसत नाही, आणि तो दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो, शिक्रा, बुलबुल, कोतवाल हे तर त्याचे नेहमीचे. एकातून दुसऱ्यात इतक्या पटकन जातो की ॲपला वाटतं झाडावर जत्रा भरलीय. ॲपची चूक अशी काही नाही, ते आवाज ऐकतं, तो आवाज कोणाच्या गळ्यातून येतोय ते त्याला कुठून कळणार. पण हे अंदाजावर आहे हं, कारण भृंगराजही अशाच नकला करतो, तो काळा असतो आणि शेपटीला दोन लांब तारा असतात. बाग घाटाकडच्या रानाला किंवा एखाद्या देवराईला लागून असेल तर भृंगराजाची शक्यता वाढते, नुसती बागच बाग असेल तर हरेवा.

खात्री करायची एक साधी रीत आहे. सूर्य पाठीमागे ठेवून झाडापासून वीस-पंचवीस पावलांवर बसा, उभं राहू नका, आणि आवाज ज्या फांदीवरून येतोय तिकडेच बघत रहा, दुसरीकडे कुठेही नाही. वारा नसताना हलणारं पान शोधायचं. पाच वेगळे पक्षी असतील तर आवाज पाच जागांहून येतील आणि मधूनच दोन आवाज एकावर एक चढतील, म्हणजे बुलबुल बोलत असतानाच शिंपी सुरू होईल. एकच पक्षी असेल तर आवाज एकामागून एक येतात, कधीच एकत्र येत नाहीत, आणि सगळे एकाच फांदीवरून येतात. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, राजापूरजवळच्या एका बागेत तीन सकाळी वाया गेल्यावर कळलं.

ह्यावरून मुख्य मुद्द्यावर येते. गाणारा पक्षी बघायचा असेल तर चालायचं नाही, बसायचं. नवीन माणूस बहुतेक वेळा आवाजाच्या मागे चालत जातो, पक्षी गप्प होतो, मग दुसरा आवाज, मग त्याच्या मागे. मी एका जागी वीस मिनिटं बसते. पहिली सात-आठ मिनिटं काहीच होत नाही, कारण आपण आलेलो सगळ्यांनी बघितलेलं असतं, मग हळूहळू सगळे आपापल्या कामाला लागतात. बागेत बसणार असाल तर राखणदाराला आधी सांगून ठेवा, आणि फवारणी झालीय का ते विचारा, फवारणीच्या दिवशी बागेत बसू नका. सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, बसणार असाल तर बूट घाला आणि दगड बघून बसा, जांभ्याच्या फटीत फुरसं हा विषारी साप असतो आणि पहाटेच्या अंधारात तो दिसत नाही.

दुसरं म्हणजे गाणं आणि हाक यातला फरक कानाला लावून घ्या. हाक म्हणजे छोटा आवाज, वर्षभर चालतो, धोका, भूक, कुठे आहेस, एवढ्यासाठी. गाणं लांबलचक, बहुतेक नराचं, विणीच्या हंगामात, ही जागा माझी आहे आणि मी इथे आहे हे सांगायला. तुमच्या अंगणातला दयाळच घ्या, मार्च-एप्रिलमध्ये पहाटे तारेवर बसून तो जे गातो ते गाणं, आणि मांजर आलं की तोच कर्कश चर्रर्र करतो ती हाक. दोन्ही एकाच पक्ष्याचे आहेत हे कळायला मला पहिलं अख्खं वर्ष लागलं.

इथे एक गोष्ट सांगायला मला फार आवडते. आपण ज्यांना गाणारे समजतो त्यातले बरेच शास्त्राच्या हिशोबात गाणाऱ्या पक्ष्यांत येतच नाहीत. कोकीळ नाही, 'पेर्ते व्हा' म्हणणारा पावशा नाही, तांबट नाही, आणि मेच्या शेवटी येणारा सुंदर नवरंग, ज्याची दोन सुरांची शीळ सकाळ-संध्याकाळ रानातून येते, तोही नाही. उलट कावळा आहे! गाणाऱ्या पक्ष्यांचा गट ठरतो तो आवाजाच्या पेटीवरून, ती श्वासनलिका जिथे दोन्ही फुप्फुसांकडे फुटते तिथे तळाला असते आणि तिच्यावरचे स्नायू गुंतागुंतीचे असतात. आणि ही मंडळी आपलं गाणं मोठ्यांचं ऐकून शिकतात, कोकिळेच्या पिल्लाला शिकावं लागत नाही, दयाळाच्या पिल्लाला लागतं. जगातल्या पक्ष्यांच्या जवळपास निम्म्या जाती ह्या गटात आहेत. म्हणून 'गाणारे पक्षी' हा शब्द मी रोजच्या बोलण्यात सैल वापरते, वहीत मात्र नाव लिहिते.

आता कधी काय ऐकायचं. जानेवारी-फेब्रुवारीत पांगारा आणि सावर फुलली की त्याखाली बसा, हरेवा, सूर्यपक्षी, बुलबुल, हळद्या सगळे मध प्यायला येतात आणि झाडाला पानं नसल्यामुळे दिसतातही, नवीन माणसाला ह्याच्यासारखी शाळा नाही. ह्याच दिवसांत झाडाझाडांत चुक चुक करणारे मातकट-हिरवट वटवट्ये असतात, ते उत्तरेकडून आलेले पाहुणे, इथे ते सहसा पूर्ण गात नाहीत, त्यांच्या मागे पहिल्या वर्षी लागू नका. मार्च ते मे दयाळ, सुभग, शिंपी, टिकेलचा निळा माशीमार. सुभगाची लांब खेचलेली शीळ एकदा कळली की प्रत्येक वाडीत ऐकू येते. मेमध्ये रानात रातकिड्यांसारखी ती मोठी झाडावरची किर्रर्र सुरू झाली की रेकॉर्डिंग अवघड, तेव्हा अगदी पहाटे पाच-सव्वापाचला बसायचं, उजाडायच्या आधी.

आणि पावसाळा. लोक दुर्बिणी गुंडाळून ठेवतात तेव्हा इथलं सगळ्यात चांगलं गाणं सुरू होतं. नारिंगी डोक्याचा कस्तुर रायांमध्ये गायला लागतो, सड्यावर डोंबारी वर चढतो, पंख मिटून खाली सूर मारतो, परत चढतो, तिथेच मलबारी चंडोल उडता उडता गातो, आणि घाटाच्या पायथ्याच्या ओढ्यांवर शीळकरी कस्तुर. हा मी पहिल्यांदा जवळून ऐकला तो आंबोलीखालच्या एका ओढ्यावर, जूनचा दुसरा आठवडा, पहाट, पाऊस नुकता थांबलेला आणि झाडांवरून ठिबकणं चालूच. आधी वाटलं कोणीतरी पोरगा शीळ घालत येतोय, सूर चढतोय, उतरतोय, मधेच विसरल्यासारखा थांबतोय, परत कुठूनही सुरू. मग थोडं उजाडलं तर ओढ्यातल्या दगडावर एक काळपट पक्षी, खांद्यावर आणि कपाळावर चमकता निळा, शेपटी पंख्यासारखी उघडतोय-मिटतोय. आणि गाताना चोच जेमतेम उघडी. एवढा आवाज त्यातून येतोय हे पटेना. ओढा धो धो वाहत होता तरी ती शीळ पाण्याच्या वर स्वच्छ ऐकू येत होती. देवगडच्या किनाऱ्याला हा सहज मिळणार नाही, पण घाटाकडे एक पहाट नक्की जा, मुलीला घेऊन.

आता संग्रह. इथे जरा थांबून सांगते कारण हा तुमच्या प्रश्नाचा गाभा आहे असं मला वाटतं.

पूर्वी संग्रह म्हणजे पक्षी मारून, आतलं काढून, कापूस भरून ठेवणं. तेव्हा हातात धरता येईल अशी चांगली दुर्बीण नव्हती, कॅमेरा नव्हता, ओळख पटवायला पक्षी हातातच लागायचा. आपल्या भागाची पक्ष्यांची पहिली मोठी यादी जी. डब्ल्यू. व्हिडाल नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने केली, १८८० साली छापून आली, ए. ओ. ह्यूम यांच्या नियतकालिकात, हे तेच ह्यूम जे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत होते. मुंबईत १८८३ साली बीएनएचएस, म्हणजे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, सुरू झाली, तिथे असे हजारो नमुने आहेत. मला एकदा तिथला एक ड्रॉवर उघडून दाखवला होता. ओळीने पाठीवर झोपवलेले पक्षी, डोळ्यांच्या जागी पांढरा कापूस, पाय एकत्र बांधलेले आणि पायाला दोऱ्याने एक चिठ्ठी. फिकट झालेल्या शाईत तारीख, गाव, नर की मादी, कोणी गोळा केला. ज्यांनी दाखवलं त्यांनी सांगितलं, ही चिठ्ठी हरवली की ह्या पक्ष्याचा अभ्यासाला काही उपयोग नाही, मग तो नुसता कापूस भरलेला पक्षी. त्या दिवशी माझ्या डोक्यात पक्कं बसलं की संग्रह म्हणजे ती चिठ्ठी. पक्षी न मारता चिठ्ठी आपण आजही बनवू शकतो, आणि आज पक्ष्याऐवजी त्याचं गाणं त्या चिठ्ठीला बांधू शकतो.

आणि नुसतं बसून बघण्यातून काय हाती लागतं ते बघायचं तर लांब जायला नको, अलिबागजवळचं किहीम. सलीम अलींनी १९३० साली तिथे सुगरणींची वसाहत बघितली, आणि त्यातून कळलं की नर घरटं अर्धं विणतो, मादी येऊन तपासते, पसंत पडलं तर राहते, आणि तिची अंडी झाली की नर पुढचं घरटं विणायला घेतो, परत दुसरी मादी. मेलेल्या पक्ष्याच्या कातड्यावरून हे कधीच कळलं नसतं.

कायद्याचंही सांगते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये रानपक्ष्याची अंडी किंवा घरटं हलवणं, मोडणं हे शिकारीच्या व्याख्येतच येतं, आणि पिसं, अंडी, घरटी जवळ ठेवायच्या वस्तू म्हणूनही कायद्यात नावानिशी आहेत. मोराच्या गळून पडलेल्या पिसांना वेगळी सवलत आहे, बाकीच्यांना नाही. संशोधनासाठी परवानगी मिळते पण ती राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांकडून, संस्थेमार्फत, हौसेसाठी नाही. मुलीला घाबरवू नका, तिने काही वाईट केलेलं नाही, उलट पिसं गोळा करणारं मूल बघणारं असतं. एका दुपारी दोघं बसा, प्रत्येक पीस पांढऱ्या कागदावर पट्टीशेजारी ठेवून फोटो काढा, तिला चित्र काढू द्या, कुठे मिळालं ते आठवत असेल तर लिहा, घरट्याचा आतून-बाहेरून फोटो, कशाचं विणलंय ते बघा, काथ्या आहे का, कोळ्याचं जाळं आहे का, आणि मग सगळं जिथून आणलं तिथे झाडाखाली ठेवून या. माझ्या भाचीच्या खोक्याचं आम्ही हेच केलं होतं, ती चित्रांची वही अजून आहे.

घराच्या काचेवर आपटून किंवा मेच्या शेवटी प्रवासाने दमून नवरंग अंगणात पडलेला मिळतो, आपल्याकडे दरवर्षी होतं. तो बऱ्याचदा मेलेला नसतो. भोकं पाडलेल्या खोक्यात, अंधारात, शांत ठेवा, पाणी चोचीत घालू नका, बऱ्याच वेळा तास-दोन तासांत सावरतो, मग जवळच्या झाडीत सोडा. जखमी असेल तर वनखात्याची हेल्पलाइन १९२६.

आता चिठ्ठी कशी बनवायची, आणि हे मी स्वतःच्या नुकसानीतून सांगतेय. पहिल्या तीन पावसाळ्यांत मी ऐंशीच्या वर रेकॉर्डिंग केली होती. फाइलींची नावं 'रेकॉर्डिंग १', 'रेकॉर्डिंग २' अशी. तेव्हा वाटायचं लक्षात राहील. पुढे कार्ड बदलताना कॉपी केली तर सगळ्या फाइलींवर कॉपी केल्याचीच तारीख पडली. त्यात एका देवराईतला कस्तुर आहे, ती राई आता रस्त्याने अर्धी झालीय, आणि तो कस्तुर कुठल्या वर्षाचा, कुठल्या महिन्याचा, मी सांगू शकत नाही. अजून वाईट वाटतं.

म्हणून आता रेकॉर्डिंग बंद करायच्या आधी मी त्यातच बोलते: तारीख, वेळ, गाव आणि वाडी, कुठलं झाड, पक्षी किती उंचीवर, पाऊस-वारा कसा, आणि सगळ्यात महत्त्वाचं, पक्षी दिसला की फक्त ऐकला. एवढं आवाजाच्या आत असलं की फाइल कुठेही गेली तरी चिठ्ठी तिच्याबरोबर जाते. घरी आल्यावर त्याच दिवशी वहीत. नाव माहीत नसेल तर 'माहीत नाही' लिहा, ॲपने सांगितलं असेल तर 'ॲपने सांगितलं' लिहा, खात्री नसताना पक्कं नाव लिहिलेली नोंद रिकाम्या जागेपेक्षा जास्त त्रास देते.

मोबाईलने सुरुवात उत्तम होते. फक्त असं ॲप घ्या जे वेव्ह फाइल बनवतं, फोनमधला आवाज साफ करणारा पर्याय बंद करा कारण तो पक्ष्यालाच गोंगाट समजून कापतो. माईक बहुतेक फोनला खालच्या कडेला असतो, ती कड पक्ष्याकडे. फोन हातात घट्ट आवळू नका, बोटांची सरसर येते, गुडघ्यावर रुमाल आणि त्यावर फोन. दोन मिनिटं तरी चालू ठेवा, मधली शांतता कापू नका, दोन ओळींमध्ये पक्षी किती थांबतो हीसुद्धा माहिती आहे. किनाऱ्यावर वारा हा मोठा शत्रू, उघडी छत्री वाऱ्याच्या बाजूला आडवी धरा. पावसात छत्रीवरच्या थेंबांचा ताशा वाजतो, तेव्हा छत्रीवर जुना टॉवेल टाकायचा. चांगली रेकॉर्डिंग ई-बर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर नोंदीबरोबर चढवा, म्हणजे ती तुमच्या फोनबरोबर मरणार नाहीत. फक्त चालू घरट्याची नेमकी जागा कुठेही उघड लिहू नका.

एक गोष्ट मात्र करू नका, पक्ष्याला त्याचंच गाणं वाजवून दाखवणं. मी केलंय. आमच्या अंगणात दयाळाची जोडी पिल्लांना भरवत होती, मी बघूया म्हणून फोनवर दयाळ लावला. नर लगेच आला, शेपटी उभारून फोनच्या भोवती फिरत राहिला, चोचीतली अळी टाकून दिली. मी फोन बंद केला तरी अर्ध्या तासाच्या वर तो तिथेच त्या न दिसणाऱ्या शत्रूला शोधत होता, आणि मादी एकटी खेपा घालत होती. त्यानंतर मी कधीच वाजवलेलं नाही, सर्व्हेतही विणीच्या दिवसांत वाजवू देत नाही.

दुर्बीण. आठ बाय बेचाळीस घ्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणारी, पुढच्या भिंगाचा व्यास बेचाळीस मिलिमीटर. दहा पट मोठं दाखवणारी घ्यायचा मोह होतो, पण तिच्यात हात हलला की पक्षी जास्त हलतो, आणि बागेत-राईत पक्षी जवळ असतो, अंधार जास्त असतो. बेचाळीसला आठने भागलं की पाच मिलिमीटरच्या वर येतं, तेवढा उजेडाचा झोत डोळ्यात जातो, पहाटे तोच कामाला येतो. दुकानात एवढं तपासा की दोन-तीन मीटरवरची वस्तू स्पष्ट दिसते का, शिंपी तेवढ्या जवळ येतो. वॉटरप्रूफच हवी, नाहीतर आपल्या दमटपणात पहिल्याच पावसाळ्यात भिंगाला आतून बुरशी धरते. घरी आल्यावर खाऱ्या हवेची ओल मऊ कापडाने पुसून घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलबरोबर ठेवा, कातडी पिशवीत ठेवू नका. बजेट कमी असेल तर दुर्बीण सहा महिने थांबली तरी चालेल, वही थांबवू नका.

पहिल्या महिन्याला तीनच पक्षी धरा: दयाळ, सुभग, आणि तुमच्या आंब्यावरचा तो. बाकीचे ऐकू आले तरी सोडून द्या. सकाळी बसलात की तिसऱ्याचे आवाज एकमेकांवर चढतात का तेवढं बघा, आणि दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करून शेवटी मुलीला चिठ्ठी बोलू दे, तारीख, वेळ, वाडी, झाड. ते इथे टाका, हरेवा की भृंगराज ते मी ऐकून सांगते.